वरातीची गोष्ट

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते, ती खोटी आहे. मे महिन्यात आमच्या शिबिराच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो, तेव्हा कुणीतरी माईक हातात घेतं आणि सांगतं, की देवळीकडची एक मुलगी होती, तिचे वडील लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचे, आणि ती मुलगी वरातीच्या कडेकडेने चालत त्या बत्तीच्या उजेडात पुस्तक वाचायची. लोक टाळ्या वाजवतात. मागच्या वेळी एका तरुण इंजिनिअरने ती माझ्यासमोरच सांगितली. मी कोण हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. चालता चालता, कानाशी बँड वाजत असताना, हलत्या उजेडात पुस्तक वाचून दाखवावं एकदा कुणीतरी. मी असलं काही कधी केलं नाही. बाबांना वरातीत मी आयुष्यात एकदाच पाहिलं आणि त्या वेळी माझ्या हातात पुस्तक नव्हतं, बर्फाचा गोळा होता.

ते दिवस आठवले की मला आधी वास येतो आणि मग माणसं दिसतात. ओल्या वाळ्याचा वास. आमचं गाव देवळीहून वर्ध्याकडे येताना आत वळलं की लागायचं. गावाच्या कडेला आमचा बौद्धपुरा आणि पुऱ्यात विहाराला लागून आमच्या दोन खोल्या. बाबांना सगळे शालिकभाऊ म्हणत. ते वाळ्याच्या ताट्या बनवायचे. आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात वाळ्याची मुळं दाबून भरायची, सुतळीने आवळायची, आणि ती ताटी दाराखिडकीला लावून वरून पाणी शिंपडत राहायचं. बाहेरची लू तिच्यातून आत येताना गार व्हायची. कोर्ट, कचेरी, डाकबंगला, दवाखाना, सगळीकडे बाबांच्या ताट्या असत. होळी झाली की आमच्या अंगणात बांबू फाडल्याचा आवाज सुरू व्हायचा. माय वाळ्याची माती धुऊन काढायची, आणि ते गढूळ पाणी अंगणातून वाहत विहाराच्या पायरीपर्यंत जायचं. आमच्या भाकरीला वाळ्याचा वास, कांद्याला वाळ्याचा वास, माझ्या शाळेच्या फ्रॉकला तर होताच होता. शाळेतल्या मुली त्यावरून चिडवायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण कलेक्टरच्या खोलीतही हाच वास असतो हे मला बाबांनी सांगून ठेवलं होतं.

बाबा बोलायचे कमी, पण त्यांचा आवाज मोठा गोड होता. संध्याकाळी विहारात वंदना व्हायची तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे बसून म्हणायचे आणि मागून अख्खा पुरा म्हणायचा. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे लोक बाबांच्या पाठीकडे बघून ठरवत. माय चुलीपाशी असली तरी तिथूनच ओठ हलवत राहायची. वैशाखात ती सरगुंडे करायची. गव्हाच्या कणकेची बारीक दोरी काडीला गुंडाळून वाळवायची, मग उकडून आंब्याच्या रसात खायची. विदर्भाबाहेरच्या माझ्या सुनेला अजून हे पटत नाही, की रसात पुरीऐवजी असं काही बुडवतात. बाबा रस ओरपताना डोळे मिटून घ्यायचे. त्या घरात गरिबी होती, पण कुणी रडत बसलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, पुढे कामाला येईल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा पुऱ्यातल्या माणसांनी आपापली डफडी आणून गावच्या पडक्या विहिरीत टाकली. तोवर गावातल्या प्रत्येक लग्नात वरातीच्या पुढे वाजवत चालणं हे आमचंच काम होतं. त्या दिवसानंतर ते कायमचं सुटलं. त्या वेळी आजोबांच्या सोबत असलेले पुंडलिकबाबा माझ्या लहानपणी पुऱ्याचे वडीलधारे होते. ते आम्हा पोरांना विहाराच्या ओट्यावर बसवून सांगायचे, "आपला माणूस कोणाच्या लग्नात जाईन त पाहुणा म्हणून जाईन. वरातीच्या पुढं राबाले जाणार नाई." शब्द साधे होते, पण पुऱ्यातली म्हातारी माणसं ते ऐकताना ताठ बसायची. आजोबांचा मुलगा म्हणून बाबांना विहारात पुढची जागा होती.

मग कूलर आले. आधी कोर्टात, मग कचेरीत, मग सगळीकडे. पत्र्याचा डबा, आत पंखा, आणि गवताची जाळी. ज्या वर्षीचं मी सांगते आहे त्या वर्षी होळी होऊन गेली तरी आमच्या अंगणात बांबू फाडल्याचा आवाज आला नाही. बाबा काही दिवस नुसते बसून होते. एक दिवस त्यांनी विहारात सांगितलं, "वर्ध्याले कूलरच्या दुकानात काम भेटलं मले. ज्यानं पोटावर पाय देल्ला त्याच्याच घरी चाललो." लोक हसले. बाबा लग्नसराईभर वर्ध्याला राहू लागले, मधूनच एखाद्या दिवशी घरी यायचे. घरी आले की माय त्यांच्या मानेला तेल चोळायची. मला वाटायचं, कूलर उचलून मान दुखत असेल.

परीक्षा संपल्यावर मी सिंदी मेघेला मावशीकडे गेले होते. तेव्हा तिथे आजच्यासारख्या इमारती नव्हत्या, घरं नुकती उभी राहत होती. संध्याकाळी बँडचा आवाज आला तशी मी गोळा चोखत फाटकाशी धावले. मोठ्या घरची वरात होती. घोड्यावर नवरदेव, त्याच्यापुढे नाचणारी मंडळी, आणि दोन्ही कडांना गॅसबत्त्या घेतलेल्या माणसांच्या रांगा. बहुतेक बाया होत्या. त्यांच्यामध्ये बाबा होते. अंगात कुणाचातरी लाल कोट, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर फुसफुसणारी बत्ती. त्यांनी मला पाहिलं. डोक्यावर बत्ती असली की मान वळवता येत नाही, पण डोळे वळवता येतात. ते माझ्यावर आले, थांबले, आणि परत समोर गेले. बाबा पुढे निघून गेले. गोळ्याचं लाल पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं होतं आणि मावशी आतून ओरडत होती की फ्रॉक खराब होऊन राह्यला.

दुसऱ्या दिवशी ते मला न्यायला आले, साध्या पांढऱ्या शर्टात. स्टँडजवळ त्यांनी मला उसाचा रस पाजला. बसमध्ये विचारलं, "मावशीनं काय काय खाऊ घातलं?" मी सांगितलं. देवळीपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

त्याच मे महिन्यात माझं नाव शिबिरात आलं. सरकार तेव्हा जिल्ह्यातली हुशार मुलं निवडून उन्हाळाभर एका वसतिगृहात ठेवायचं, देवळीच्या रस्त्यावर. खाणं, राहणं, शिकणं सगळं सरकारचं. गावातले लोक त्याला हुशारखाना म्हणायचे आणि आम्हाला विचारायचे, बाहेर कधी सोडतात म्हणून. पण तो हुशारखाना खरा चालवायचे ते तिथे आधी शिकून गेलेले. त्यांना जुने म्हणायचं आणि आम्ही नवे. जुने आपापली कॉलेजं आणि नोकऱ्या सोडून दर उन्हाळ्यात यायचे, आमच्याबरोबर त्याच खाटांवर झोपायचे, गणित शिकवायचे, आकाशातले तारे दाखवायचे. पगार नाही, काही नाही. सरकार इमारत द्यायचं आणि जीव हे लोक ओतायचे. हे मी आजही मान्य करते.

माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या म्हणजे नंदाताई. नागपूरला शिकत होत्या. उंच, सावळ्या, एक वेणी पुढे घेतलेली. पहिल्या दिवशी फाटकातच त्यांनी आम्हा मुलींना थांबवलं आणि म्हणाल्या, "आडनाव, बापाचं काम अन् गावातली गल्ली, तिन्ही इथं फाटकाबाहेर ठेवा. घरी जातानी परत घेऊन जाजा." आम्ही हसलो, पण तो नियम खरा होता. तिथे कुणी कुणाचं आडनाव विचारायचं नाही, बाप काय करतो हे विचारायचं नाही. जुन्यांनीच तो घालून दिला होता. आणि दुसरी रीत अशी, की पहिल्या जेवणानंतर जुन्याने आपल्या नव्याचं उष्टं ताट धुवायचं. नंदाताईंनी माझ्या हातातलं ताट घेतलं, नळावर बसल्या आणि राखेने घासून लख्ख केलं. आमच्या गावात मला काही घरांच्या अंगणात पाणी ओंजळीत वरून ओतून मिळायचं. मी नळाशी उभी राहून बघत राहिले. त्या क्षणापासून त्या बाईसाठी मी काहीही केलं असतं.

मग एका दुपारी वसतिगृहाच्या रस्त्याने एक वरात गेली. सगळ्या मुली भिंतीवर चढून बघायला धावल्या. मी खोलीतच कूलरपाशी बसून राहिले. नंदाताई आत आल्या, माझी वेणी सोडून फणी घेतली आणि म्हणाल्या, "तुले वरात नाई आवडत?" फणी चालत राहिली. "माह्याजवळ सांगितलेलं माह्या पोटात राहते," त्या म्हणाल्या. मी सांगून टाकलं. बाबा, लाल कोट, चुंबळ, त्यांचे डोळे, आजोबांचं डफडं, पुऱ्यात सांगितलेलं कूलरचं दुकान. रडता रडता सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं. ते पाणी खरं होतं असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

थोड्या दिवसांनी बातमी आली की पुढच्या वर्षीपासून सरकार शिबिर बंद करणार. जुने कुठून कुठून धावत आले. कुणी पुण्याहून, कुणी भिलाईहून. व्हरांड्यात त्यांच्या बैठका चालायच्या, चहाची किटली फिरत राहायची. ठरलं असं, की ज्या साहेबांच्या हातात हे आहे त्यांना नागपूरहून बोलवायचं, मुलांच्या पालकांना बोलवायचं आणि एक कार्यक्रम करायचा. कार्यक्रम नंदाताईंकडे आला, कारण त्यांच्याइतकं चांगलं कुणी बोलत नव्हतं.

आमच्या पुऱ्यातून निम्मी माणसं आली. आपल्या पोरीचा सत्कार आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. पुंडलिकबाबा पांढरं धोतर आणि निळी टोपी घालून पहिल्या रांगेत. माय नव्या लुगड्यात. बाबा आदल्या दिवशीच येऊन गेले होते, बसच्या टपावर एक भलीमोठी ताटी घालून. त्यांनी नंदाताईंना सांगितलं, "भाषणाच्या टायमाले कूलर बंद ठेवा लागन, आवाज लय करते. मंग साहेबाले गरमी होईन. म्हून आणली." वाळा कुठून मिळवला होता कोण जाणे. ताटी व्यासपीठामागच्या दाराला बरोब्बर बसली. कार्यक्रमाच्या दिवशी बाबा बादली घेऊन दाराशी उभे होते आणि मधूनमधून पाणी शिंपडत होते. साहेब खुर्चीत बसताच म्हणाले, "वा, किती वर्षांनी हा वास!" बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या वर्षात पहिल्यांदाच बघत होते. आपलं काम अजून कुणाला हवं आहे, एवढंच होतं ते.

नंदाताई बोलायला उभ्या राहिल्या. शिबिराबद्दल बोलल्या, मुलांबद्दल बोलल्या. साहेब घड्याळ बघत होते. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, उभी राहा." मी उभी राहिले. त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. गाव सांगितलं, बौद्धपुरा सांगितला. फाटकाबाहेर ठेवलेलं सगळं त्यांनी एकेक करून आत आणलं. आणि मग पुस्तकी मराठीत, भरल्या गळ्याने त्या म्हणाल्या, "या मुलीचे वडील दुसऱ्यांच्या वरातीत डोक्यावर उजेड घेऊन चालतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र अंधार आहे. जातीने लादलेलं जे काम त्यांच्या बापाने विहिरीत फेकलं, ते पोटासाठी त्यांना पुन्हा डोक्यावर घ्यावं लागलं. हे शिबिर बंद झालं, तर उद्या ही मुलगीही त्याच रांगेत उभी राहील."

आमच्या घरात वीज होती. बाबांनी स्वतः लावलेली ट्यूबलाइट होती. मला ओरडून हे सांगायचं होतं. मी मायकडे बघितलं, तिने पदर तोंडावर घेतला होता. पुंडलिकबाबा समोर बघत होते. पुऱ्यातल्या माणसांच्या माना एकामागून एक दाराकडे वळल्या. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "कुठे आहेत ते वडील? त्यांना वर बोलवा," ते म्हणाले, आणि स्वतःच्या गळ्यातला हार काढून हातात धरला.

बाबा व्यासपीठामागच्या दारातच होते. त्यांनी हात जोडले नाहीत, वर आले नाहीत, पळूनही गेले नाहीत. बादलीत हात घातला आणि ताटीवर पाणी शिंपडलं. वरपासून खालपर्यंत, एकही कोपरा कोरडा न ठेवता, जसं रोज शिंपडतात तसं. लोकांना तो त्यांचा साधेपणा वाटला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बादली रिकामी झाल्यावर ते ती घेऊन नळाकडे गेले. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की शिबिर चालू राहील.

जुने एकमेकांना मिठ्या मारत होते. मी खोलीत जाऊन माझी वळकटी बांधू लागले. नंदाताई धावत आल्या, चेहरा फुललेला. "सुजाता, वाचलं आपलं शिबिर!"

"तुमीच म्हणत होत्या, बापाचं काम इथं कोणी कोणाले विचाराचं नाई."

त्या म्हणाल्या, "मी कुठं विचारलं व? तूच सांगितलं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून, "अन् मी वाईट काय बोलली? तुह्या बाबाचा मानच केला."

मी तो हात झटकला. एवढंच मला त्या वयात जमलं. मी सांगितलं होतं हे खरं आहे. पण मी माझ्या ताईला सांगितलं होतं, भरल्या सभेला नाही. विश्वासाने कानात सांगितलेलं कुणी लाउडस्पीकरवर लावलं, तर त्याला विश्वासघात म्हणतात, आणि त्यातून कितीही मुलांचं भलं झालं तरी त्याचं दुसरं नाव होत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी भूमिती शिकवली, तिथे एका गोष्टीवरून दुसरी सिद्ध होते. इथे तसं होत नाही. शिबिर वाचलं हे खरं आणि आम्हाला फसवलं हेही खरं, आणि ही दोन सत्यं माझ्या मनात इतकी वर्षं एकमेकांशी न बोलता राहत आली आहेत.

परतीच्या बसमध्ये कुणी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. फाट्यावर उतरताना पुंडलिकबाबांनी बाबांच्या खांद्याचा आधार घेतला आणि खाली उतरल्यावर म्हणाले, "शालिक, सांगाचं त होतं. आमी काई परके होतो?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाबा म्हणाले, "चुकलं," आणि पुढे चालू लागले.

घरी आल्यावर मी मायला विचारलं, तुला ठाऊक होतं का. ती सरगुंड्याच्या काड्या पुसत होती. "नवऱ्याच्या डोक्यावर काय हाये ते बायकोले समजत नाई का? ते चुंबळ कोणं शिवली, असं वाटते तुले? माह्याच लुगड्याची हाये." मग काड्या बाजूला ठेवून म्हणाली, "मले माहीत होतं, तुले माहीत होतं. दोघी त घरच्याच होतो. घरातलं घरात होतं."

पुढच्या पौर्णिमेला विहारात खीर होती. वंदनेला सगळे बसले तेव्हा पुढची जागा रिकामी होती. बाबा शेवटच्या रांगेत, जिथे चपला काढतात तिथे बसले होते. पुंडलिकबाबांनी हाक मारली, "शालिक, समोर ये." बाबांनी फक्त मान हलवली. त्यांना कुणी उठवलं नव्हतं, ते आपणहून मागे गेले होते, आणि आपणहून गेलेल्या माणसाला परत आणणं कुणाला जमलं नाही. शेवटी दुसऱ्या कुणीतरी सुरुवात केली. लोक भलत्याच ठिकाणी थांबू लागले, कुणी पुढे कुणी मागे. बाबांचा आवाज मला ऐकू येत नव्हता. त्यानंतर मरेपर्यंत ते त्या पुढच्या जागेवर बसले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात मी शिबिराला जाणार नाही म्हणून सांगितलं. बाबांनी माझी वळकटी स्वतः बांधली. "काऊन नाई जात? एवढं सोसलं ना आपण त्याच्यापायी? मंग आता जाजो अन् सगळं शिकून येजो." मी गेले. तिथेच शिकले, तिथूनच पुढे गेले, कॉलेजात गणिताची प्राध्यापक झाले. सुट्टीत मीही जुनी म्हणून तिथे जात राहिले, नव्या मुलींची ताटं धुतली, आणि कुठल्याही मुलीने काही सांगायला तोंड उघडलं की तिला म्हणायचे, बाई, आपण आधी गणित करू. नंदाताई समोर आल्या तर नमस्कार करायचे. त्यांची आणि माझी खाट मात्र पुन्हा एका खोलीत आली नाही.

यंदा शिबिरावर पुन्हा गंडांतर आलं आहे. माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपचा गट रात्रंदिवस वाजतो आहे. परवा नंदाताईंचा फोन आला. आता त्या सिंदी मेघेलाच राहतात, गुडघे गेलेत, आवाज तसाच आहे. "सुजाता, मंत्रालयातून माणसं येणार आहेत. यावेळी ती वरातीची गोष्ट तूच सांग. तुझ्या तोंडून आली तर कुणाची हिंमत होणार नाही बंद करायची."

"शिकवाले येतो ताई. साहेबाले भेटाले येतो, भांडाले येतो. ते गोष्ट सांगाले येत नाई. अन् तुमीबी सांगू नका आता."

त्या म्हणाल्या, "मी लहान होते गं तेव्हा. मला खरंच वाटलं होतं की मी त्यांचा मान वाढवते आहे." माझा त्यावर विश्वास बसला. पण लगेच पुढे म्हणाल्या, "आता मी नाही सांगितली तरी दुसरं कुणी सांगणारच. ती गोष्ट आता शिबिराची झाली आहे." मी फोन ठेवून दिला. माझ्या बापाची गोष्ट शिबिराची झाली म्हणे. म्हणून हे प्रकरण लिहायला बसले. जे झालं ते निदान एकदा, झालं तसं, त्यांच्या ट्यूबलाइटसकट लिहिलेलं असावं.

एकच राहिलं. शेवटच्या दुखण्यात बाबा सावंगीच्या दवाखान्यात होते. दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते, एसी चालू होता. "हवा थंडी हाये," ते म्हणाले, "पण वास नाई." मी हसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सुजा, त्या दिवशी मावशीच्या घरासमोर मी तुले पाह्यलं होतं."

"मले माहीत हाये, बाबा."

"मी नजर काढून घेतली. तवा तुह्याकडं पाहून मी हासलो असतो, त तुले ते दुसऱ्या कोणाले सांगा लागलं नसतं."

मी म्हणाले, "असं नोको म्हणू बाबा. फसवलं तिनं आपल्याले."

त्यांनी डोळे मिटले. "ते तिचं झालं पोरी," ते म्हणाले. "मी माहं सांगून राह्यलो."